करवतीचं दुसरं टोक

१

जेडचा धोंडा कापायला दोन माणसं लागतात. बांबूची लांब कमान, तिला ताणून बसवलेली पिळाची तार, आणि मध्ये लाकडी चौकटीत पाचरी ठोकून आवळलेला धोंडा. एक अलीकडे बसतो, एक पलीकडे. अलीकडच्याने ओढायचं आणि हात सैल सोडायचा, मग पलीकडच्याने ओढायचं आणि सोडायचं. ढकलायचं कुणीच नाही. ढकललं की तार वाकते आणि चीर तिरकी जाते. वर टांगलेल्या मडक्यातून थेंब थेंब पाणी पडत असतं, आणि चिरेत मधूनमधून चमचाभर लाल रेती घालायची. खरं कापते ती रेती. तार नुसती तिला इकडून तिकडे फिरवते. रेतीशिवाय कुणी जन्मभर तार ओढली तरी धोंड्याला ओरखडा उठायचा नाही.

हे सगळं मी लग्न झाल्यावर शिकले. सरहद्दीवरच्या आमच्या हशुन गावात पुरुष म्हणजे पाहुणे. पाऊस सरला की खेचरांच्या तांड्याबरोबर ते ब्रह्मदेशात उतरायचे, जेडच्या खाणींकडे, आणि पुढचा पाऊस लागला की परतायचे. वर्षातले तीन महिने नवरा, बाकीचे नऊ महिने सासू. त्यातही नव्या सुनेनं भरदिवसा नवऱ्यासमोर बसून बोलायचं म्हणजे गावभर चर्चा. पण करवतीवर बसलेल्या जोडप्याला कोण काय म्हणणार? काम चाललंय. माझा नवरा शाओथिंग कधी धोंडा आणल्यावाचून घरी आला नाही. मी एकदा विचारलं, "एवढं ओझं डोंगर चढून कशाला आणता? तिथेच विकून का येत नाही?" तर म्हणाला, "धोंडा नसला तर तुझ्यासमोर कुठल्या तोंडानं बसू? आई लाटणं घेऊन येईल."

आमचा संसार झाला तो असा, मध्ये धोंडा ठेवून. तो ओढायचा, मी ओढायची, आणि बोलणं चालायचं. त्याचा डावा खांदा खेचराच्या लाथेनं निखळून वाकडा बसला होता. त्यामुळे त्याची ओढ संपता संपता एक बारीकसा हिसका यायचा. ओढ, आणि मग हिसका. पहिल्या वर्षी मी चिडायची, चीर बिघडेल म्हणून. पुढे पुढे तो हिसका माझ्या हाताला इतका सवयीचा झाला की डोळे मिटले असते तरी मी त्याला ओळखलं असतं.

२

शेवटचा धोंडा आला तेव्हा बरोबर तो नव्हता. तांड्याच्या मा नावाच्या म्होरक्यानं तो खेचरावरून उतरवून अंगणात ठेवला आणि निरोप सांगितला, "शाओथिंग मागून येतोय. म्हणालाय, मी आल्याशिवाय कापू नका. पलीकडे मीच बसणार."

धोंडा मोठ्या भोपळ्याएवढा होता, वरून मातकट, खरखरीत. मी तो चौकटीजवळ ठेवला आणि वाट बघायला लागले.

नऊ वर्षं गेली. एका वर्षी कुणी येऊन सांगितलं की उरू नदीच्या धक्क्यावर तो तापानं गेला, लोकांनी तिथेच पुरला. दुसऱ्या वर्षी कुणी सांगितलं की मंडालेला दिसला, तिथे बायको केलीय, अंगानं सुटलाय. मी दोन्हीवर थोडाथोडा विश्वास ठेवला. ज्या दिवशी त्याचा राग यायचा त्या दिवशी तो मंडालेत असायचा, आणि ज्या दिवशी आठवण यायची त्या दिवशी नदीकाठी. सासू वारली. मुलगी वानचू आठ वर्षांची होती ती सतराची झाली आणि तिला तेंगच्युंग शहरातून चांगलं स्थळ आलं.

तिथे घोडं अडलं. लग्नाच्या लाल कागदावर मुलीच्या तीन पिढ्यांची नावं लिहितात आणि प्रत्येक नावापुढे लिहावं लागतं, हयात की मयत. बापाच्या नावापुढे काय लिहायचं? मुलाकडच्यांनी स्पष्ट सांगितलं, काहीतरी एक लिहा, कोरी जागा आम्हाला चालणार नाही.

माझे धाकटे दीर शाओआन वेगळ्या घरात राहायचे, पण आता घरातले कर्ते तेच. माणूस सरळ, पण बोलायला लागला की अंगाला बोचायचा.

"वहिनी," ते म्हणाले, "नऊ वर्षांपूर्वीची तारीख टाकून दादाला मयत लिहू. म्हणजे सुतकही आपोआप फिटलेलं. देह नाही, तर आपल्या घरच्या रीतीनं त्याच्याच धोंड्यातला तुकडा थडग्यात ठेवू. उरलेल्यातून पोरीला बांगडी."

"त्यांनी सांगितलंय, मी आल्याशिवाय कापू नका."

"त्यानं बरंच काही सांगितलं होतं. मला मंडालेहून टोपी आणणार होता. तेव्हा माझं डोकं लहान होतं."

मला हसूही आलं आणि त्यांच्या थोबाडीत मारावीशीही वाटली. पण दाराआड वानचू उभी होती. तिच्याकडे बघितलं आणि मी मान हलवली. धोंड्याचे दोन तुकडे ज्या दिवशी होतील त्या दिवशी माझा नवरा मेलेला असेल, असं त्या मान हलवण्यानं ठरलं.

३

वर्षाच्या तिसऱ्या महिन्यात, थंडी उतरल्यावर, आम्ही धोंडा चौकटीत चढवला. मी घराकडे पाठ करून माझ्या नेहमीच्या बाजूला बसले आणि भावजी पलीकडे, फाटकाकडे पाठ करून. सकाळी भाताची पेज झाली की बसायचं आणि ऊन भिंतीवर चढलं की उठायचं.

भावजींचा हात मला माहीत होता. गडी रेड्यासारखा सरळ ओढतो, त्यात ना लय ना माया. पहिले दोन दिवस तसंच चाललं. तिसऱ्या दिवशी, चीर बोटभर आत गेल्यावर, त्यांची ओढ संपता संपता माझ्या तळहाताला एक बारीकसा हिसका लागला.

मी थांबले.

"काय झालं?" भावजी म्हणाले.

"तुमचा खांदा दुखतोय का?"

"माझा? छे. तुमचं वय झालं वहिनी, मला दमवून वर मलाच विचारताय."

पुन्हा ओढलं. ओढ, आणि मग हिसका. मी त्यांचा खांदा निरखून पाहिला. तो एकसारखा मागे जात होता, कुठेही अडखळत नव्हता. मग मी मनाशी म्हटलं, तारेचा पीळ सुटला असेल. दुपारी तार बदलली. हिसका तसाच. मग म्हटलं, धोंड्यात गाठ असेल, तार त्यावरून घसरत असेल. हे पटण्यासारखं होतं. जेडमध्ये गाठी असतातच. मी ते स्वतःला पटवून दिलं आणि संध्याकाळी भाजी चिरताना विळीवर बोट कापून घेतलं.

पण गाठ असती तर मी ओढतानाही हिसका लागायला हवा होता. माझ्या ओढीत तो कधीच नव्हता.

४

काम किती झालं ते आम्ही भाताच्या काडीनं मोजतो. चिरेत काडी उभी सोडायची आणि काठाशी नखानं खूण करायची. सहाव्या दिवशी सकाळी बसण्यापूर्वी मी काडी सोडली, तर कालची खूण काठाखाली बुडाली. चीर बोटभर जास्त खोल होती.

पहिला संशय भावजींवर. त्यांना घाई होती, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

"रात्री बसून कापत असाल तर सांगा," मी म्हटलं. "चोरून काम करणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतेय."

"एकट्यानं कापता येतं का हे? तुम्हीच शिकवलंत ना मला? आणि वहिनी, मी समोर कुणी बघत असताना काम करत नाही, तो कुणी बघत नसताना करीन?"

हे मात्र खरं होतं. तरी मी त्या संध्याकाळी चिरेच्या तोंडावर लाल कागदाची पट्टी खळीनं चिकटवली. सकाळी पट्टी जशीच्या तशी होती, खळ वाळून कडक झालेली. मी ती नखानं सोडवली आणि काडी घातली. रात्रीतून आणखी दोन बोटं.

मी कुणाला बोलले नाही. भीती वाटायला हवी होती, आणि वाटतही होती, पण तिच्याखाली आणखी एक गोष्ट होती आणि तिची मला लाज वाटत होती. मला आनंद झाला होता.

भावजींना मुलाकडच्यांकडे जावं लागलं त्या दिवशी पलीकडे वानचू बसली. पोरीचे हात नाजूक. थोडा वेळ ओढून तिनं मूठ सोडली आणि आपले तळवे बघत राहिली.

"आई, तू ढकलतेस का गं?"

"मी कशाला ढकलू?"

"मग माझ्या हातावर कुणीतरी हात ठेवून ओढतंय असं वाटतं. मला जोरच लावावा लागत नाही." ती हसली, पण उठून उभी राहिली. "हात गारठलेत माझे. तू ओढ जरा."

"एकटीनं कशी ओढू?"

ती आधीच आत गेली होती, चुलीपाशी.

५

पुढच्या बाजाराला भावजी आणि वानचू लग्नाचं कापड बघायला तेंगच्युंगला गेली. येताना संध्याकाळ होणार होती. मी फाटक लावलं, मडक्यात पाणी भरलं आणि माझ्या बाजूला बसले. अंगणात ऊन होतं. शेजारच्या लिऊ मावशींच्या कोंबड्या भिंतीवरून इकडे बघत होत्या. पलीकडची मूठ मोकळी लोंबत होती.

मी ओढली. कमान माझ्याकडे आली. नेमानं आता ती इथेच पडून राहायला हवी. मी हात सैल सोडला.

कमान परत गेली. सावकाश, पुरती, आणि शेवटी हिसका.

कोंबड्या भिंतीवरून उडून गेल्या.

मी किती वेळ तशीच बसले ते आठवत नाही. तार स्थिर होती. पाण्याचा थेंब पडत होता. पलीकडे स्टुलावर ऊन पडलं होतं आणि त्यात कुणीही नव्हतं. मग मी पुन्हा ओढली, कारण आता माझी पाळी होती.

त्या दिवशी मी त्याला नऊ वर्षांचं सगळं बोलून घेतलं. सासू कशी गेली, छत कसं गळलं, पोरीला गोवर आला तेव्हा मी एकटीनं सहा रात्री कशा काढल्या. मंडालेवालीला तर मी अशा शिव्या दिल्या की लिऊ मावशींनी पलीकडून विचारलं, "कुणावर एवढी तापलीस गं?" मी म्हटलं, "नवऱ्यावर." त्या म्हणाल्या, "त्यात काय नवीन," आणि आत गेल्या. तुम्ही जिवंत आहात की नाही, असंही मी विचारलं. ओढ, हिसका. ओढ, हिसका.

एकच गोष्ट खटकत होती. पूर्वी तो रेंगाळायचा. धोंडा लवकर कापून झाला तर बोलणं संपेल म्हणून मुद्दाम रेती कमी घालायचा, आणि आम्ही दोघं चोरासारखे हसायचो. आता तो भराभर ओढत होता. माझा हात सैल पडायच्या आत कमान पलीकडे खेचली जात होती. त्याला घाई होती.

६

म्हणून मी रेती घालणं बंद केलं.

लबाडी सोपी होती. चिरेत चमचा रिकामाच टेकवायचा. भावजींना मी सांगितलं की माझा हात या कामाला बसलाय, शेवटचं कापणं नाजूक असतं, ते मला एकटीला करू द्या. त्यांनी मला वेड लागलंय की काय असं पाहिलं, पण आयतं काम टळत होतं, कशाला वाद घालतील? रोज सकाळी सगळी आपापल्या कामाला गेली की मी बसायची. तार नुसत्या पाण्यातून येत होती, जात होती, आणि धोंडा होता तेवढाच राहत होता. काडीवरची खूण हलत नव्हती. माझा नवरा मरत नव्हता. मला वाटलं, हे असंच जन्मभर चालू शकेल. लग्न लांबवता येईल, कारणं काय, हजार सापडतात. ते आठ दिवस मी सुखात होते. इतकी सुखी मी नवी नवरी असतानाही नव्हते.

नवव्या दिवशी काडीवरची खूण बुडाली.

मी वाकून पाहिलं. माझ्या बाजूनं धोंड्याखालच्या वाडग्यात स्वच्छ पाणी ठिबकत होतं. पलीकडच्या बाजूनं गाळ येत होता. मी फिरून तिकडे गेले आणि बोट बुडवलं. रेती होती. आमची रेती डोंगरातली, लाल, दाणेदार. ही राखाडी होती, पिठासारखी बारीक, आणि तिला नदीच्या तळाचा वास होता. आमच्या गावात अशी रेती कुठेही नाही.

तो आपली रेती घेऊन आला होता.

त्या संध्याकाळी वानचू माझ्या शेजारी बसली. "आई, मुलाकडचे उद्या कागद न्यायला येणार. नाही दिला तर ते दुसरी बघणार." जरा वेळानं म्हणाली, "मला बाबांचा चेहरा आठवत नाही गं, ते घरी असायचेच कुठे. पण ते मेले असं कागदावर लिहायला माझा धीर होत नाही. तूच सांग काय ते. तू सांगशील ते मी खरं मानीन."

मी रात्रभर विचार केला आणि मला जे वाटलं ते मी शहाणपण समजले. त्याला सुटायचंय. परक्या नदीकाठी पडलाय, त्याला पाणी नाही, थडगं नाही, आणि इथे मी बाई हट्टानं त्याला धोंड्यात कोंडून ठेवलंय, माझं एकटेपण जावं म्हणून. माझ्या पोरीचंही अडवून धरलंय. प्रेम प्रेम म्हणतात ते हेच असेल तर आग लागो त्याला.

७

सकाळी भावजी कागद, शाई आणि कुंचला घेऊन वानचूबरोबर गावच्या पंतोजींकडे गेले. जाताना म्हणाले, "एका नावापुढची जागा सोडून बाकी लिहून आणतो. आल्यावर धोंडा बघू आणि ते भरू."

मी बसले. दोन बोटं उरली होती. मी रेतीचं भांडं जवळ ओढलं, चमचा काठोकाठ भरला आणि चिरेत रिता केला.

"जा," मी म्हटलं. "एवढीच घाई असेल तर मी नाही अडवत."

पलीकडची ओढ थांबली. अंगणात एकदम इतकं शांत झालं की मला मडक्यातला थेंब सुटताना ऐकू आला. मग त्यानं ओढलं. हळू, पूर्वीसारखं, रेंगाळत. मी रडत होते आणि ओढत होते. शेवटच्या शेवटच्या ओढी किती गोड होत्या ते मी कुणाला सांगू शकणार नाही. माझी पाळी होती तेव्हा तार एकदम मोकळी झाली आणि धोंड्याचे दोन्ही तुकडे चौकटीत अलग पडले.

आत जेड कसं निघालं ते लोकांनी मला नंतर सांगितलं. मी पाहिलं नाही. मी समोरचं स्टूल पाहत होते. ते ओलं झालं होतं, वरून खालपर्यंत, नुकतंच कुणी भिजलेल्या कपड्यानिशी उठल्यासारखं. खाली फरशीवर दोन पावलं होती, राखाडी गाळाची, अनवाणी.

माझा सगळा हिशेब असा होता की ती फाटकाकडे जातील.

ती फाटकाकडे वळलीच नव्हती. चौकटीला वळसा घालून ती माझ्या बाजूला आली होती. एक पाऊल माझ्या स्टुलाला लागून होतं. मला काही लागलं नव्हतं, आवाज नव्हता, वारा नव्हता. फक्त माझी डावी बाही कोपरापासून मनगटापर्यंत गार, ओली होती. तिथून पावलं मागे गेली होती, माझ्या पाठीशी, पायऱ्या चढून, उंबरा ओलांडून, घरात.

त्याला सुटायचं नव्हतं. त्याला घरी यायचं होतं. मी आल्याशिवाय कापू नका म्हणाला होता, आणि तो आला होता.

नऊ वर्षं मी देवापुढे एकच मागत होते, त्यांना परत येऊ दे. कसं येऊ दे, ते मागायचं माझ्या ध्यानात आलं नाही. आता ती पावलं घरात गेली होती आणि मी अंगणात उभी होते. आतून आवाज काही येत नव्हता. फक्त नदीच्या तळाचा तो वास दारातून हळूहळू बाहेर येत होता.

तेवढ्यात गल्लीत वानचूचा आवाज आला. ती हसत होती, भावजींना काहीतरी चिडवत होती. ती नेहमी धावत येते आणि सरळ आतल्या खोलीत पाणी प्यायला जाते, लहानपणापासून. तिला बापाचा चेहरा आठवत नव्हता. तो तिनं नऊ वर्षांनी असा पाहायचा?

मी पायऱ्या चढले, आत गेले आणि दाराला आतून अडणा घातला.

दारातूनच दिसणाऱ्या आतल्या खोलीत अंधार होता आणि पलंगाचा पडदा ओढलेला होता. तो मी सकाळी बांधून ठेवला होता. पडद्याच्या खालच्या काठातून पाणी ठिबकत होतं. पडद्यामागे बसलेल्याची आकृती दिसत होती. त्या आकृतीचा डावा खांदा जरा वाकडा होता. मी एवढंच पाहिलं आणि एवढंच सांगणार आहे.

बाहेरून दार वाजलं.

"आई! धोंडा कापून झाला की गं! तू आत काय करतेस?" आणि मग भावजींचा आवाज, जरा दबका, "वहिनी, शाई वाळतेय. काय लिहू दादाच्या नावापुढे?"

पडदा थोडा हलला. मी त्याच्याकडे पाठ केली नाही. तशीच, दाराला टेकून, मी मोठ्यानं म्हटलं, "हयात लिहा. आणि भावजी, पोरीला आज तुमच्याकडे झोपायला न्या."

मग मला त्यांची पावलं फाटकाबाहेर जाताना ऐकू आली, आणि मी पलंगाजवळ गेले.